अधिकातला जावई

अधिक महिना आला की जावयाचा भाव वधारतो. तेहेतीस अनारसे, चांदीचं निरांजन, वर एखादा शर्टपीस. मी स्वतः जावई असल्यामुळे हा सगळा अन्याय वेळोवेळी निमूटपणे सोसलेला आहे. सासरच्यांना धीर एवढाच, की धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि तीस दिवसांत संपतो. समजा, तो दर वर्षी आला, मे ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला, आणि पाटावर बसणारे जावई सव्वा कोटीच्या वर निघाले, तर सासरेबुवा काय करतील?

पक्ष काढतील.

भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचं बेट आहे. स्पेनच्या ताब्यात, जर्मनांच्या वापरात. तिथल्या सासरेबुवांनी खरोखरच पक्ष काढला. नाव ‘मेस पेर मायोर्का’. आता ‘मेस’ म्हटलं की पुण्यात शिकलेल्या माणसाला स्टीलचं ताट, पाणीदार वरण आणि रविवारची फीस्ट आठवते. तिथल्या कातालान भाषेत ‘मेस’ म्हणजे ‘अधिक’. म्हणजे पक्षाचं नाव ‘मायोर्कासाठी अधिक’ आणि मागणी काय, तर कमी करा. विमानं कमी, क्रूझ बोटी कमी, भाड्याच्या मोटारी कमी, हॉटेलातल्या खाटा कमी. जावई तर फारच कमी.

पक्ष डावा आहे, पर्यावरणवादी आहे आणि राष्ट्रवादीही आहे. राष्ट्रवादी म्हटल्यावर लगेच मनगटावरचं घड्याळ बघू नका. इथे राष्ट्र म्हणजे बेट, साडेनऊ लाखांच्या आसपास वस्तीचं. आपल्याकडे हे तीन शब्द एका व्यासपीठावर बसवले तर हार घालायच्या आधीच खुर्च्या उडतील. तिथे ते गेली पन्नास वर्षं एका संसारात आहेत. भांडत असतील, पण वेगळे राहत नाहीत. बेटावर वेगळं राहायला जागा मिळत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

हे सगळं मला कळलं ते आमच्या साडूंमुळे. साडू श्टुटगार्टला असतात, मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये. जर्मनीत राहून माणूस तीन गोष्टी शिकतो: कचरा वेगळा करणं, रविवारी गप्प बसणं आणि उन्हाळ्यात मायोर्काला जाणं. बेटावर जर्मनांचं प्रेम इतकं, की १९९३ साली जर्मनीतल्या एका खासदाराने हे बेट जर्मनीने विकत किंवा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावं असं सुचवलं होतं. थट्टेवारी गेलं ते, पण ‘सतरावं राज्य’ हे टोपणनाव बेटाला चिकटलं ते चिकटलंच. तर साडूंनी आम्हा उभयतांना सात रात्रींसाठी बोलावलं. दोन जोडपी, तीन तारे, राजधानी पाल्माजवळचा किनारा. म्हणजे तिथे उतरलेले आम्ही दोघेही एकाच घरचे जावई, आणि आता एकाच बेटाचेही.

आठव्या दिवशी सकाळी काउंटरवर बिल आलं. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला. ही वाईट खूण असते. बिलात एक ओळ जास्तीची होती: शाश्वत पर्यटन कर. माणशी, रात्री दोन युरो. चार माणसं, सात रात्री, छप्पन्न युरो. त्याच्यावर दहा टक्के व्हॅट, पाच युरो साठ सेंट.

“करावर कर?” साडू म्हणाले. “हे जर्मनीतसुद्धा करत नाहीत हो!”

काउंटरवरची मुलगी कोलंबियाहून आलेली होती. सात दिवस तिने आमचा चहात दूध घालण्याचा हट्टही हसून सहन केला होता. तिने शांतपणे सांगितलं, की सोळा वर्षांखालच्यांना माफी आहे आणि नवव्या दिवसापासून निम्मी सूट आहे. साडूंनी घडीभर, आणखी दोन दिवस राहून सूट पदरात पाडून घ्यावी का, याचा गंभीरपणे हिशेब केला. हाच तो मायोर्काचा प्रश्न. जावयाला पिटाळायला लावलेला कर, आणि जावई बसलाय मुक्काम वाढवायचा विचार करत.

कराचा आणि या बेटाच्या पाहुण्यांचा झगडा जुना आहे म्हणा. १८३८च्या हिवाळ्यात फ्रेडरिक शोपँ आणि लेखिका जॉर्ज सांद इथे आले. शोपँच्या छातीला हवा मानवेल म्हणून आले आणि पावसात सापडले. त्याचा पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीत अडकून पडला. सांदबाईंनी परत जाऊन पुस्तक लिहिलं, ‘मायोर्कातला हिवाळा’, आणि त्यात बेटावरच्या माणसांची यथेच्छ निंदा केली. आज ते पुस्तक बायदेमोसा गावात जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, पाहिजे त्या भाषेत विकायला मांडलेलं असतं. आपल्यालाच शिव्या घालणारं पुस्तक आपणच दुकानात लावून त्यावर चार पैसे कमवायचे, याला सासरची सोशिकता म्हणतात.

पक्षाच्या कुळाची हकिकत मात्र पक्ष्यांपासून सुरू करावी लागते. १९७३ साली, हुकूमशहा फ्रँको अजून जिवंत असताना, बेटावर पक्षीनिरीक्षकांचा एक गट निघाला. गॉब त्याचं नाव. हुकूमशाहीत माणसांविषयी बोलायची सोय नसते, पण घारीगिधाडांविषयी बोललं तर पोलीस फारसे मनावर घेत नाहीत. ही मंडळी दुर्बीण लावून पक्षी बघत, तर दुर्बिणीत क्रेन दिसे. मग पक्षी राहिले बाजूला आणि किनारे वाचवायची चळवळ उभी राहिली. १९७७च्या जुलैत काही अराजकवादी तरुण सा द्रागोनेरा नावाच्या शेजारच्या चिमुकल्या बेटावर जाऊन ठाण मांडून बसले, कारण तिथे श्रीमंतांची वसाहत बांधायचं घाटत होतं. बांधकाम रखडलं, कज्जे चालले, आणि दहा वर्षांनी मायोर्काच्या बेट-परिषदेने ते बेट विकत घेऊन टाकलं. आज तिथे मालकी थाटात फिरतात त्या सरडुल्या. पर्यटक उतरला की त्याच्या बुटांपाशी येऊन डबा उघडायची वाट बघतात.

त्याच १९७७मध्ये मायोर्काचा समाजवादी पक्ष उभा राहिला: माद्रिदच्या समाजवाद्यांपासून वेगळा, कातालान बोलणारा. २०१०मध्ये त्याने हरितांशी मोट बांधली आणि २०१३पासून ‘मेस’ ही पाटी लागली. पक्षी ते पक्ष, हा चाळीस वर्षांचा प्रवास एका वेलांटीचा.

इथपर्यंत सगळं गोड आहे. रस्त्यावरचा पक्ष नेहमीच गोड असतो. खरा विनोद सत्तेत गेल्यावर सुरू होतो.

पर्यावरण कराचा पहिला प्रयोग २००२ साली झाला. डाव्यांचं कडबोळं सरकार होतं, त्यात हे मायोर्काचे समाजवादीही होते. रात्रीला सरासरी एक युरो. हॉटेलवाल्यांनी असा गळा काढला की जणू बेट बुडालं. २००३च्या निवडणुकीत उजव्यांचे जाउमे मातास आले आणि त्यांनी पहिला तो कर रद्द केला. मातास पुढे भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तुरुंगात गेले. तिथे मुक्कामावर कर नाही.

मग २०१५. बालेआरिक बेटसमूहाच्या एकोणसाठ जणांच्या विधानसभेत मेसला सहा जागा, शेजारच्या मेनोर्का बेटावरच्या भावंडाला, ‘मेस पेर मेनोर्का’ला, तीन. माद्रिदवाल्या समाजवाद्यांच्या फ्रान्सिना आर्मेंगोल यांचं सरकार बनलं आणि मेसचे नेते बिएल बार्सेलो उपाध्यक्ष झाले. खातं कोणतं घेतलं? पर्यटन! दारूबंदीवाल्याने एक्साइज मागून घ्यावं तसं. पण त्यात तर्क होता. ज्या खात्यातून बेटाची निम्म्याच्या जवळपास कमाई येते त्याची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला ठेवून तुम्ही फार तर झाडं लावू शकता. १ जुलै २०१६पासून कर परत लागला आणि २०१८मध्ये दुप्पट झाला. साडूंचे छप्पन्न युरो हे त्याचंच फळ.

पण कर लावला की एक गंमत होते. सरकार पाहुण्यात भागीदार बनतं. जितक्या रात्री जास्त, तितका गल्ला जास्त, तितकी किनाऱ्याची डागडुजी जास्त. म्हणजे किनारा वाचवायला पैसे हवेत, पैशांसाठी पाहुणे हवेत आणि पाहुण्यांपासून किनारा वाचवायला हवा. डाव्या अर्थशास्त्राने याला काय नाव दिलंय ठाऊक नाही. आमच्याकडे याला ‘जावयाच्या आहेरातून जावयाला जेवण’ म्हणतात.

आणि मग डिसेंबर २०१७. ऐका. स्वस्त, घाऊक, सगळं-फुकटात-समाविष्ट अशा पर्यटनाच्या विरोधात राजकारण करणाऱ्या पक्षाचा पर्यटनमंत्री एका रेडिओ कार्यक्रमाच्या निमित्ताने कॅरिबियनमधल्या पुंता कानाला गेला. खर्च एका बड्या पर्यटन-विमान समूहाचा. पुंता काना म्हणजे ओळीने रिसॉर्टं, मनगटावर पट्टा आणि दिवसभर फुकट कॉकटेल. शिवाय तिथल्या कित्येक रिसॉर्टांचे मालक मूळचे मायोर्काचेच. मेलिया, रिऊ, इबेरोस्टार, बार्सेलो, जगभर पसरलेल्या या साखळ्यांची मुळं याच बेटावरची. (मंत्र्याचं आडनाव त्यातलंच एक, पण त्यावरून काही काढू नका. आपल्याकडे कुलकर्णी बँकेतही असतात आणि बँकेच्या विरोधातल्या मोर्चातही.) म्हणजे गृहस्थ सुमारे सात हजार किलोमीटर उडून गेले आणि उतरले ते एका अर्थी स्वतःच्याच अंगणात. बातमी फुटली, राजीनामा गेला. पर्यटनाला आवर घालणाऱ्या मंत्र्याची विकेट पर्यटनाने घेतली, तीही यजमानांच्या खर्चाने. नाटककाराने हे लिहिलं असतं तर दिग्दर्शक म्हणाला असता, फार बटबटीत होतंय, जरा कमी करा.

एवढं बोलून झाल्यावर पक्षाच्या पारड्यात टाकायचं तेही टाकतो, नाहीतर सदरलेखकाला नरकात वेगळी खोली मिळते.

मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलो तर पाण्याच्या कडेला तपकिरी पट्ट्यांचा गुडघाभर ढीग. वाळलेल्या, चपट्या, व्हिडिओ कॅसेटमधली फीत कोणी उलगडून टाकावी तशा. पायाखाली कुरकुरतात, ऊन तापलं की वास येतो. “एवढे पैसे घेतात, झाडू मारायला काय होतं?” साडू म्हणाले. ते झाडायचं नसतं. ती पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, समुद्राच्या तळावर उगवणारं चक्क मुळाफुलांचं गवत. तळाची वाळू ते धरून ठेवतं. त्याच्यात राहणाऱ्या जिवांच्या शिंपल्यांचा चुरा होतो, आणि एस त्रेंकसारख्या किनाऱ्यांची ती पांढरी, जाहिरातीतली वाळू बरीचशी त्या चुऱ्याचीच. हिवाळ्यात पानं किनाऱ्यावर येऊन पडतात आणि वादळाच्या लाटांना आडवी जातात. म्हणजे साडूंना जो किनारा हवा होता तो त्या कचऱ्यानेच केलेला. इबिझा आणि फोर्मेन्तेरा बेटांच्या मध्ये या गवताचं एकच रोप किलोमीटरोगणती पसरलेलं सापडलंय. त्याचं वय लाख वर्षांपर्यंत असावं असा अंदाज आहे. त्याच्यावर अब्जाधीशाच्या नौकेचा नांगर पडला की तळाला चर पडतो आणि गवत पुन्हा वाढतं ते वर्षाला बोटभर. २०१८मध्ये मेसच्याच विसेन्स विदाल यांच्या पर्यावरण खात्याने त्या कुरणांवर नांगर टाकायला बंदी आणली आणि पहाऱ्याच्या होड्या पाठवल्या. तुमच्या मालकीची नौका आणि सरकारी होडीतला पोरगा तुम्हाला म्हणतोय, साहेब, जरा पलीकडे लावा, खाली गवत आहे. समाजवादाचं इतकं नेमकं दृश्य मी अलीकडे पाहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला हॉटेलच्या खोलीतच सापडली. पडलेला चष्मा शोधताना माझा पाय कशावर तरी पडला आणि पलंग बॅगेसकट हळूहळू वर उचलला जाऊ लागला. मी किंचाळलो. झाडपूस करणाऱ्या बाई धावत आल्या, हसल्या आणि पायाने पेडल दाबून त्यांनी पलंग खाली आणला. २०२२च्या पर्यटन कायद्याने हॉटेलांना हे उचलते पलंग बसवायला लावले, मेस भागीदार असलेल्या सरकारने. दिवसाला वीस-वीस पलंगांच्या चादरी बदलणाऱ्या बायकांची कंबर जाते म्हणून. बाईंनी कंबरेवर हात ठेवून, मान हलवून, हे सगळं मला एका अक्षराशिवाय समजावलं. डावेपणाची पुस्तकं मीही वाचली आहेत. त्यांत पलंग नव्हता.

भाषेची बाजूही तशीच. भाषेचा पक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुकानाची काच येते. तिथे हिरवा टी-शर्ट आला. २०१३मध्ये उजव्या सरकारने शाळांत कातालानचा वाटा घटवणारा त्रिभाषा फतवा काढला. शिक्षक संपावर गेले, आणि २९ सप्टेंबरला पाल्माच्या रस्त्यांवर हिरवे टी-शर्ट घातलेली ऐंशी हजार ते लाख माणसं उतरली. पुढे कोर्टाने फतवा रद्द केला आणि २०१५मध्ये मतदारांनी सरकार. यावर उजव्यांचं जुनं उत्तर असं, की आम्ही बोलतो ती कातालान नव्हेच, ती आमची मायोर्किन. बार्सिलोनावाल्यांनी आम्हाला शिकवू नये. भाषा की बोली, हा डाव कसा खेळतात ते गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मेसचं म्हणणं याच्या उलट दिशेने जातं: इथे राहतो, राबतो आणि भाषा शिकतो तो मायोर्काचा. काउंटरवरच्या मुलीच्या संगणकामागे कातालानच्या क्रियापदांचा तक्ता चिकटवलेला होता. साडू पंधरा वर्षं येताहेत. त्यांना ‘बिअर’ येतं, तेही जर्मनमधून.

मग एवढा शहाणा पक्ष मागे का पडला? २०२३मध्ये एकोणसाठपैकी चार जागा. सरकार गेलं, उजवे आले, त्यांच्या पाठीशी कडव्या उजव्यांचा वोक्स. आणि गंमत म्हणजे पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, २१ जुलै २०२४ला, ‘पर्यटन कमी, जगणं अधिक’ म्हणत पाल्मात प्रचंड मोर्चा निघाला, पोलिसांच्या मोजणीनेच बारा हजारांचा. त्या वर्षी पाल्माच्या विमानतळावरून ३ कोटी ३३ लाख प्रवाशांची येजा झाली. पुन्हा तेहेतीसच! मोर्चा रविवारी होता. सोमवारी सकाळी त्यातल्या कितीजणांना सातच्या पाळीला हॉटेलात, टॅक्सीत, विमानतळावर हजर व्हायचं होतं, याचा हिशेब मांडला की चार जागांचं कोडं सुटतं. सासू जावयाला शिव्या घालते, पण मुलीचा संसार मोडा असं मत टाकत नाही.

शिवाय दाराची किल्ली माद्रिदला. विमानतळ चालवते एना ही कंपनी, तिचे ५१ टक्के शेअर स्पॅनिश सरकारचे. किती विमानं उतरावीत यात बेटाला बोलता येत नाही. मेस वर्षानुवर्षं विमानतळाच्या कारभारात वाटा मागते आहे. घरांचंही तेच. बालेआरिक बेटांवर विकल्या जाणाऱ्या घरांपैकी साधारण एक तृतीयांश परदेशी माणसं घेतात. अनिवासींच्या खरेदीला चाप लावा ही मेसची मागणी युरोपियन युनियनच्या नियमांवर आदळून परत येते. पक्षाचे आताचे नेते लुईस आपेस्तेगिया हे देइया गावचे माजी महापौर. हजारभरही वस्ती नसलेलं, डोंगराच्या खांद्यावरचं दगडी गाव. कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज १९२९मध्ये तिथे येऊन राहिला आणि तिथल्याच मातीत गेला. त्याचं नाव वाचून पुढचे आले, त्यांच्यामागून पैसेवाले आले. आज तिथलं घर घेण्याची ऐपत ना कवीची, ना गावच्या पोराची. इबिझात शिकवणारे काही शिक्षक तर मायोर्काहून रोज विमानाने येजा करतात, कारण तिथल्या भाड्यापेक्षा ते परवडतं. जगात पहिल्यांदाच तिकीट काढून वर्गात जाणारे मास्तर.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे उजवेही आता तेच बोलू लागले आहेत. ज्या पक्षाने २००३मध्ये तो कर गाडला, त्याच पक्षाच्या अध्यक्षा मार्गा प्रोएन्स यांनी जानेवारी २०२५मध्ये ऐन उन्हाळ्यात तो सहा युरोंपर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला. मेसवाल्यांनी आनंद मानावा की रडावं? चाळीस वर्षं ज्या वाक्यावर लोक हसले ते वाक्य समोरच्याने उचललं, आणि टाळ्या मात्र त्याला.

परतीच्या दिवशी विमानतळावर माणसागणिक हातात अष्टकोनी पुठ्ठ्याचं खोकं. आत एन्सायमादा, डुकराच्या चरबीतली गोगलगाईसारखी वळलेली गोड पोळी. आमच्या सौभाग्यवतींनी चरबीचं ऐकून खोकं खाली ठेवलं. साडूंनी दोन घेतली. सुरक्षा तपासणीच्या रांगेत ते अजून एकसष्ट युरो साठ सेंटांवरच होते.

“पुढच्या वर्षी इथे नाही यायचं,” ते म्हणाले. “मी बघून ठेवलंय. शेजारीच मेनोर्का आहे. तिथे अजून आपली गर्दी नाही पोचलेली.”

“तिथेही मेस आहे,” मी म्हणालो.

“मग काय,” साडू म्हणाले, “जेवणाचा प्रश्नच मिटला.”